बांधाखालची ओल

सरकारी पत्र आलं तेव्हा मी ते दोन दिवस वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली दडवून ठेवलं. पत्रात भयंकर काही नव्हतं. खासगी तळी आणि त्यांचे बांध यांची तपासणी होणार आहे, मालकाने हजर राहावे, एवढंच. पण चाळीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. एक बोल्ट सैल सापडला तर सात मजल्यांच्या इमारतीला जिने चढायला लावायचो आणि वर शिव्या खायचो. माझ्या कामात दुसऱ्या कुणी नाक खुपसलं की माझं डोकं फिरतं.

"माझं तळं मी बांधलंय, माझं मी बघून घेईन," असं मी घरात ऐकवलं.

"मग त्यांनाही बघू द्या की," ही म्हणाली. ही म्हणजे आमची ही. "चार बिस्किटं जास्त लागतील, दुसरं काय?"

तळं म्हणजे काही समुद्र नव्हे. घरामागच्या उतारावरून एक ओढा वाहायचा, त्याला मी आडवा मातीचा बांध घातला. दोन पुरुष उंच, साठ पावलं लांब. लाकडी धक्का केला, एक होडी आणली. थोरली आणि धाकटी, दोघी मुली त्यातच पोहायला शिकल्या. सुट्टीच्या दिवशी निम्मी गल्ली आमच्याकडे डुंबायला यायची आणि मी धक्क्यावर खुर्ची टाकून राजासारखा बसायचो. बांधाखाली, शंभरेक पावलांवर, शिंप्याचं घर. तो, त्याची बायको, दोन लहान मुली आणि खाटेला खिळलेली आई.

दुसऱ्याच वर्षी बांधाच्या पायथ्याशी मला ओल दिसली. बांधातून पाणी झिरपतंय हे कळायला कुठल्या कॉलेजात जावं लागत नाही. तळं उपसून बांध उकरायचा, पुन्हा भरायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. पण त्याच वर्षी आमचं तिसरं बाळ जन्मतःच गेलं होतं. ही खिडकीशी उभी राहायची. जेवण पुढ्यात ठेवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. चार महिने मी आणि मुली घरात दबक्या पावलांनी वावरत होतो. एक दिवस मी पायथ्याशी उभा असताना ही मागून आली, उकिडवी बसली, ओल्या मातीत बोट खुपसलं आणि म्हणाली, "इथं ओल कशी हो?"

चार महिन्यांत तिनं पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. मी म्हणालो, "झरा असेल."

दुसऱ्या दिवशी तिनं तिथं पुदिना लावला.

मग कर्दळ आली, पालक आला, आणखी कसकसली फुलं आली. भर उन्हाळ्यात सगळीकडे रखरखाट, आणि तिचा तो तुकडा हिरवागार. येणारा-जाणारा म्हणायचा, काकूंच्या हाताला गुण आहे. ती लाजायची, आणि त्या दिवशी चार घास जास्त जेवायची. तळं उपसायचं मी पुढच्या वर्षावर ढकललं. असं बावीस वर्षं ढकललं.

तपासणीला आलेल्या बाई आमच्या धाकटीच्या वयाच्या निघाल्या. गुडघ्यापर्यंत बूट, हातात काठी, पाठीवर पिशवी. बांधावरून दोनदा चालल्या. जादा पाणी काढून देणारा सांडवा मोकळा आहे, बांधावर झाडं वाढू दिलेली नाहीत, म्हणून त्यांनी माझं कौतुक केलं. मी लगेच फुगलो. तळं रिकामं करायची खालची झडप मी दर वर्षी तेलपाणी करून फिरवून बघतो, हेही सांगून घेतलं. मग त्या पायथ्याशी उतरल्या.

"हा माझा बगीचा," ही पुढं होऊन म्हणाली. "झऱ्यावर चाललाय. यांनी पाइपाचा तुकडा बसवून दिलाय, त्याखाली मी झारी लावते."

बाई खाली बसल्या. "काकू, पाणी पहिल्यापासून एवढंच येतं?"

"छे! वाढलंय. पूर्वी झारी भरेपर्यंत माझी चार रोपं खुरपून व्हायची. आता एक होत नाही."

"आणि स्वच्छ असतं?"

"स्वच्छच होतं. दोन महिने झाले, जरा गढूळ येतंय. झारीची चाळण सारखी तुंबते. हे टाचणीनं साफ करून देतात."

साफ करून देत होतो, खरंय. तीनदा. चाळणीतली ती मऊ, पिठासारखी माती मी बोटावर घेऊन पाहिली होती आणि नळाखाली हात धुतला होता. दुसऱ्याच्या लिफ्टच्या खाली असा भुगा सापडता तर मी इमारत डोक्यावर घेतली असती.

बाईंनी काचेच्या बरणीत पाणी धरलं आणि बरणी दगडावर ठेवली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत उभे. तळाशी हळूहळू माती बसली.

"नुसतं पाणी झिरपत असतं तर लक्ष ठेवा म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "पण हे पाणी बांधातली माती घेऊन येतंय. बांध आतून पोखरला जातोय."

"किती दिवस टिकेल?" मी विचारलं.

"ते नाही सांगता येणार, काका. म्हणून आजच तळं रिकामं करायला घ्या. झडप थोडीच उघडा. पाणी एकदम उतरलं तर बांधाची आतली बाजू ढासळेल. पाच-सहा दिवस लागतील. आणि तोवर खालच्या घरातल्या कुणालाही तिथं राहू देऊ नका."

"म्हणजे हा झरा नाही?" हिनं विचारलं बाईंना, पण बघत होती माझ्याकडे.

"झरा नाही, काकू. हे तळ्याचंच पाणी आहे."

बाई बांधावर जाऊन ऑफिसला फोन लावू लागल्या. मी झडपेचं चाक पाव फेरा फिरवलं. पाणी सुटल्याचा आवाज आला. परत आलो तर ही तिथंच उभी होती.

"तुम्हाला माहीत होतं."

मी मान हलवली.

"कधीपासून?"

"पुदिन्याच्या आधीपासून."

ती काही बोलेना, तशी मला भीती वाटली. मला वाटलं, पुन्हा खिडकी. मी घाईघाईनं म्हणालो, "तू जेवत नव्हतीस गं. त्या दिवशी तू काहीतरी विचारलंस. मी काय सांगायला हवं होतं?"

"त्या दिवशी सांगितलंत ते राहू द्या," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तशीच होते. पण नंतर बावीस वर्षं मी जेवत होते ना? लोक माझ्या हाताचं कौतुक करायचे, तुम्ही शेजारी बसून चहा प्यायचात. तेही जाऊ दे मेलं. बांधाखाली ती म्हातारी झोपते हो. तिला उठून पळताही येत नाही." तिनं पदर खोचला. "चला. शिंप्याला तुम्हीच सांगायचं."

शंभर पावलांचा रस्ता मला त्या दिवशी संपता संपेना. ती माझ्या दोन पावलं पुढं होती.

शिंपी मशीनवर होता. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली. बांध पोखरलाय, तळं रिकामं करतोय, तुम्ही सगळे आत्ताच्या आत्ता आमच्याकडे चला, थोरलीची खोली रिकामीच आहे. त्याचा पाय पायडलवर थांबला.

"आज कळलं?" त्यानं विचारलं.



"आम्हाला माहीत होतं," ही म्हणाली. "आमचं चुकलं, बाबा."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान ताठ ठेवली होती. पाव तासापूर्वीपर्यंत बिचारीला काही ठाऊक नव्हतं, आणि आता माझ्या पापातला निम्मा वाटा उचलून ती उभी होती. इतकी वर्षं ही बाई माझ्या घरात आहे, आणि त्या क्षणी ती मला इतकी आवडली की रडू येईल असं वाटलं.

"नाही," मी म्हणालो. "मला माहीत होतं. हिला नव्हतं. हिलाही मी फसवलं."

शिंप्यानं सुई वर केली, कापड सोडवलं, घडी घातली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काका, त्या भिंतीला लागून आईची खाट आहे," तो म्हणाला.

"हो."

"तुमच्या तळ्यात पोहायला पाठवतो मी मुलींना. तुमच्या भरवशावर."

त्यानं बायकोला हाक मारली, मुलींच्या चपला शोधायला सांगितलं. मग आतून हातांची लाकडी खुर्ची आणली, म्हातारीला उचलून तीत बसवलं आणि चादरीनं बांधलं. म्हातारीला वाटलं, कुठंतरी पाहुणचाराला निघालोय. ती खूश होती.

"एका बाजूनं तुम्ही धरा," शिंपी मला म्हणाला. "आणि हात सुटायला लागला तर आधी सांगा. सुटल्यावर नको."

"सांगेन."

आम्ही निघालो. मुली पुढं, त्यांची आई गाठोडं घेऊन मागं, ही माझ्या कडेनं. निम्मा चढ चढलो नाही तोच माझ्या खांद्यातून कळ निघाली. सत्तरी गाठलेला माणूस मी. एरवी दात-ओठ खाऊन ओढलं असतं, पण कबूल केलं नसतं.

"थांब," मी म्हणालो. "सुटतोय. मला नाही जमत."

शिंपी लगेच थांबला. आम्ही खुर्ची अलगद खाली टेकवली. ही पुढं आली, मला बाजूला सारून तिनं खुर्चीचा हात धरला.

"आणि तुम्ही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझा दुसरा हात धरा. चढ आहे."