खालचा बाण, मग एंटर

उरणजवळच्या एका छोट्या अंधशाळेत मानसीबाई गणित शिकवायच्या आणि परीक्षाप्रमुखाचं कामही पाहायच्या. त्या स्वतः जन्मांध होत्या. शाळेत ब्रेल छापणारा एकच प्रिंटर होता, बारा वर्षांचा. तो सुरू झाला की खडखडाटाने शेजारच्या वर्गाला गप्प बसावं लागायचं. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि तो चालायचा फक्त जुन्या विंडोज सेव्हनवर.

दहावीची पूर्वपरीक्षा आठ दिवसांवर आली आणि संस्थेचे सचिव हर्षद म्हात्रे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या निकेतला घेऊन आले.

"सगळीकडे विंडोज टेन टाकायचंय. जुनं पुसून टाक. जुन्यात व्हायरस शिरतात."

"टेनवर प्रिंटर चालेल?" मानसीबाईंनी विचारलं.

"नाही मॅडम," निकेत म्हणाला. "त्याला चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हरच मिळत नाही."

"मग हा कॉम्प्युटर पुसायचा नाही."

हर्षदराव हसले. "बाई, हट्ट कशाला? पेपर मुलांना वाचून दाखवू. माणसं देतो ना मी!"

"माझा दहावीचा भूमितीचा पेपर असाच वाचून दाखवला होता. वाचणाऱ्याने एक अख्खी ओळ गाळली. गणित सुटेना, मी रडत बसले. मला वाटलं, मीच ढ."

निकेतचा हात माउसवर होता. मानसीबाईंनी चाचपडत भिंतीवरचं बटण गाठलं आणि कॉम्प्युटरची वीजच बंद केली. मग तिथेच पाठ टेकून उभ्या राहिल्या.

निकेतने माउस सोडला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, दोन्ही ठेवता येतील. एकाच डिस्कचे दोन भाग करतो. चालू करताना विचारेल, कुठलं हवं. जुन्याला इंटरनेट द्यायचंच नाही, म्हणजे साहेबांची काळजी मिटली. पण विंडोज सुरू झाल्यावर कॉम्प्युटर वाचून दाखवतो, तशी ती निवडायची यादी बोलत नाही हं. स्क्रीनवर नुसती दिसते."

"किती वेळाने येते?"

"वीसेक सेकंदांनी. मग तुम्ही काही दाबेपर्यंत थांबून राहील, तसं करून देतो."

"मग मी तीस मोजेन. पुढे?"

"खालचा बाण एकदा. मग एंटर."

"काही बिघडलं तर जबाबदारी तुमची," हर्षदराव चिडून म्हणाले. "तसं लेखी द्या मला."

दुपारी निकेतचं काम झालं. मानसीबाईंनी कॉम्प्युटर चालू केला, ओठांतल्या ओठांत तीसपर्यंत मोजलं, बाण दाबला, एंटर दाबलं. जुन्या विंडोजची ओळखीची धून वाजली. त्यांनी जबाबदारीचं पत्र टाइप केलं. प्रिंटर खडखडला. कागद त्यांनी हर्षदरावांच्या हातात दिला.

हर्षदरावांनी तो उलटसुलट केला. नुसते उंचवटे. "हे मला कोण वाचून दाखवणार?"

"मिळेल कुणीतरी. एखादी ओळ गाळली तर चालवून घ्या."

निकेतने हसू लपवायला मान खाली घातली. हर्षदराव कागदाची घडी न करताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी परीक्षाप्रमुखाचं काम मानसीबाईंकडून काढून घेतल्याचा आदेश आला. शिपाई धर्माजीने तो अडखळत वाचला आणि म्हणाला, "बाई, आता छापायचं काम तुमचं न्हाय."

"शिकवायचं आहे ना? मग पेपरही माझाच." त्यांनी खुर्ची ओढली. "कोरे कागद आण. मोठा गठ्ठा आण."

संध्याकाळपर्यंत भूमितीच्या अकरा प्रती निघाल्या. पाकिटात घालण्याआधी त्यांनी प्रत्येक ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं.