अग्निवर्षेची किंमत

मित्रांनो, खोडरबराने घासून घासून एका कोपऱ्यात झिरझिरीत झालेले हे जुने कार्ड म्हणजे मी. माझे नाव अग्निवर्षा. वडूजच्या संयोगिताने एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मला तयार केले. लाल स्केचपेनने ज्वाळा काढल्या, खाली माझी ताकद लिहिली, 'समोरचा सगळा तळ भस्म', आणि कोपऱ्यात पेन्सिलने किंमत लिहिली, 'तीन तेज'.

तिच्या खेळात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात आणि अडेल तिथे फासे टाकतात. गोष्ट संयोगिता सांगायची. तिच्या वर्गातला जयराज मांत्रिक व्हायचा आणि रेश्मा तलवारवाली. मंत्र टाकायला तेज खर्चावे लागे, आणि एका मोहिमेत प्रत्येकाला दहाच तेज मिळे.

पहिल्याच रविवारी जयराजने मला तीनदा टाकले. तीन तळ जळाले, मोहीम अर्ध्या तासात आटोपली. मी फुशारून गेले होते. रेश्मा मात्र चिडली. "मग माझ्या तलवारीनं काय कांदा चिरू व्हय?"

संयोगिताने तीन खोडून नऊ केले. मग मला कोणी हातच लावेना. महिनाभर मी कार्डांच्या डब्यात खाली पडून राहिले. सहा केले, तर जयराज मला एकदा टाकून उरलेला वेळ जांभया देत बसायचा. पाच केले आणि अर्धाच तळ जाळायचा असे ठरवले, तर अर्धा म्हणजे नेमका किती यावरून भांडण पेटले. शेवटी रेश्मा यायचीच बंद झाली. दुसरे कोणी मिळेना, म्हणून संयोगिताने तिच्या जागी आबांना बसवले.

आबा म्हणजे तिचे वडील, हंबीरराव. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते वर्षापूर्वी घरी आले होते. हाक मारली तरी वळायचे नाहीत, शाळेतले काही सांगितले तर नुसती मान हलवायचे. आबांना आपल्यात रस नाही, असे संयोगिताने धरूनच टाकले होते. तिने त्यांना काही सांगायचे सोडून दिले होते, आणि आबांचे हे वागणे तिला फार लागत होते.

त्या दुपारी मी आबांच्या वाट्याला आले. गोष्टीत डोंगरावर शत्रूचा तळ होता.

"काका, टाका की! समदी एका जागी हायत," जयराज ओरडला.

आबांनी मला उचलले. "आत कोण कोण हाय गं?"

"दुश्मन, काका. अकरा जण," जयराजनेच सांगून टाकले.

"आन् सैपाक कोण करतंय त्यांचा?"

संयोगिताने याचा विचारच केला नव्हता. आबांचा अंगठा माझ्या ज्वाळांवर होता. ते सावकाश बोलू लागले. "आमच्या चौकीसमोर डोंगर हुता. रोज सकाळी तिथं चुलीचा धूर दिसायचा. एक दिस आमी गोळे टाकले. दुसऱ्या सकाळी धूर न्हाई. तवापासनं ह्या डाव्या कानात शिट्टी वाजतीया. त्या बाजूचा माणूस तोंड हालवताना दिसतो, शब्द येत न्हाई."

"अजून वाजतीया?" संयोगिताने विचारले.

आबांनी काहीच उत्तर दिले नाही. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली होती.

ती उठली, उजवीकडे जाऊन बसली आणि तेच पुन्हा विचारले.

"आता बी वाजतीया."

"मग सांगितलं का न्हाई, आबा?"

"तोफखान्यात हे कोण सांगत न्हाई, बाळा."

संयोगिताने माझ्यावरचा आकडा खोडला. या वेळी नवा आकडा घातला नाही. तिने लिहिले, 'टाकणाऱ्याला पुढचे दोन डाव काहीही ऐकू येणार नाही.'

पुढच्या रविवारी तिने रेश्माला ओढून आणले. जयराजने मला टाकले, तळ भस्म झाला, त्याने टाळ्या पिटल्या. लगेच गोष्टीत दरीवरचा कुजका साकव मोडला आणि रेश्माची तलवारवाली दरीच्या काठाला लोंबकळू लागली. तिने तीनदा हाक मारली. दोर जयराजकडे होता. पण नियमाप्रमाणे त्याला ऐकू येत नव्हते. तो ओठ दाबून बसून राहिला आणि तलवारवाली खाली गेली.

त्याने मला सतरंजीवर ठेवून दिले. "लय महाग हाय गं हे."

त्यानंतर माझ्या किमतीवरून कोणी भांडले नाही. मी क्वचित निघते, आणि मला उचलणारा आधी विचारतो, आत कोण कोण आहे.

मित्रांनो, मी जाळलेले तळ खोटे होते. तरी डब्याचे झाकण लागले की मला तो धूर नसलेला डोंगर दिसतो, आणि मला भीती वाटते. जयराजचे दोन डाव संपतात. आबांचे अजून संपलेले नाहीत. तुमच्या घरी हाकेला न वळणारे कोणी असेल, तर मनात अढी धरण्याआधी एकदा जागा बदलून बसा.

आबांनी कानाचे सांगितले त्याच संध्याकाळी संयोगिता त्यांच्या उजवीकडे जाऊन बसली. वर्षभराचे साठलेले तिने भडाभडा सांगून टाकले आणि मग बिचकून आबांकडे पाहिले.

"निम्मंच कळलं," आबा म्हणाले. "पयल्यापासनं सांग."