मिस्त्रींचा मायना

कृत्रिम पाय घडवणाऱ्या त्या कार्यशाळेचे चार विभाग एका फरसबंद अंगणाच्या चार बाजूंस चार स्वतंत्र इमारतींत वसलेले होते. एकीत मोजमाप होई, दुसरीत साचा ओतून गुडघ्याखालची वाटी तयार होई, तिसरीत लाकडाचे पाऊल कोरले जाई आणि चौथीत पट्टे शिवून पाय पूर्णत्वास जाई. कोरणीविभागाचे प्रमुख थोरले मिस्त्री. मितभाषी, कपाळावर सदैव एक आठी, आणि हातात मात्र अशी माया, की लाकडानेही आपणहून वळावे.

त्यांचे दोन नेम चौतीस वर्षे अखंड चालत आले होते. पाऊल कोरून झाले की त्याच्या टाचेवर तळहात ठेवून ते क्षणभर डोळे मिटत. आणि पुढच्या विभागास जी सूचना द्यायची, ती पूर्ण मायन्यासह पत्ररूपाने लिहीत. ज्याच्या आधारे एक मनुष्य उभा राहणार, त्याविषयी लिहिताना नमस्काराची काटकसर करणे त्यांना अप्रशस्त वाटे.

ही पत्रे आणि पाय टोपलीतून वाहून नेणारे वृद्ध शिपाईबुवा त्या वर्षी निवृत्त झाले. तेव्हा व्यवस्थापकांनी चारही इमारतींतले संगणक तारांनी एकमेकांस जोडून घेतले. ते काम करण्यास आली ती मिस्त्रींची सख्खी भाची.

“हे बघा मामा,” ती म्हणाली, “प्रत्येक पायाचं एक पान. कुणीही त्यावर लिहिलं की चारही ठिकाणी त्याच क्षणी दिसणार. तुम्ही या ‘शेरा’ चौकटीत लिहायचं आणि हे बटण दाबायचं.”

“पोचलं हे कळायचं कसं?”

“तिकडून उत्तर येईल की!”

मिस्त्रींनी मान डोलावली आणि एका बोटाने, टाकी चालवावी तशा संथ एकाग्रतेने, अक्षरे उमटवण्यास आरंभ केला.

त्याच आठवड्यात टपाल वाटणाऱ्या बाईंचा पाय दुसऱ्यांदा परत आला. जिना चढताना तो गुडघ्याखाली काचत होता.

“मिस्त्रीकाका, सोमवारी माझी रजा संपते,” बाई म्हणाल्या. “माझी गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या. चढता आलं नाही तर मला कायमचं तिकिटांच्या खिडकीत बसवणार. अहो, त्या गल्लीतली कुत्रीसुद्धा मला ओळखतात. खिडकीत बसून मी काय करू?”

मिस्त्रींनी त्यांना अंगणातल्या सात पायऱ्या चढावयास लावल्या. प्रथम रिकाम्या हाती, मग खांद्यास टपालाची भरलेली थैली अडकवून. दोष तत्काळ ध्यानात आला. थैलीच्या भाराने बाई डावीकडे झुकत, आणि तेवढ्याने पट्टा वर सरकून काचत असे. तो बाहेरच्या बाजूने दोन बोटे खाली घेतला, की झाले. मंगळवारी त्यांनी पट्ट्यांच्या विभागप्रमुख शिवणताईंना तसे सविस्तर लिहिले.

उत्तर आले: “मिस्त्री, आम्हीही सगळ्या मजेत! तुमची तब्येत कशी आहे?”

नव्या पोऱ्याने पाय परत आणला, तो जसाच्या तसा. मिस्त्रींना वाटले, आपली सूचना फार रोखठोक झाली असावी. बुधवारी त्यांनी मायना अधिक आर्जवी केला. उत्तर आले: “किती छान लिहिता हो! विभागात सर्वांना वाचून दाखवलं.” पट्टा मात्र जागचा हलला नव्हता. गुरुवारी त्यांनी वडीलधाऱ्यांची चौकशी, हवापाण्याची विचारपूस असे सारे घालून पुन्हा लिहिले. उत्तरात एक हसरे पिवळे तोंड आले.

“माझी चेष्टा चालवली आहे,” मिस्त्री पुटपुटले, आणि शुक्रवारी तो पाय काखेत मारून स्वतःच अंगण ओलांडून गेले. त्या दारात त्यांनी कित्येक वर्षांत पाऊल ठेवले नव्हते.

“अगंबाई! आज स्वारी प्रत्यक्ष!” शिवणताईंनी सुई बाजूला ठेवली. “बसा, बसा. कुणीतरी खुर्ची द्या गं यांना.”

“बसायला आलो नाही. तीनदा लिहिलं, पट्टा दोन बोटं खाली घ्या म्हणून. तुम्ही मला हसरी तोंडं काय पाठवता?”

“पट्टा? कुठला पट्टा? तुम्ही तर नुसते नमस्कार पाठवता!”

“ताई, खोटं बोलू नका.”

“मी खोटं बोलते? या इकडे, स्वतःच्या डोळ्यांनी बघा!” त्यांनी पडद्याकडे बोट केले. “वाचा. मोठ्यानं वाचा.”

मिस्त्रींनी चष्मा सावरला. “सौजन्यमूर्ती ताई व विभागातील सर्व भगिनी यांस सप्रेम नमस्कार. विनंती विशेष. आपण सर्व सकुशल असाल अशी मनोमन आशा बाळगून व आपल्या हस्तकौशल्याविषयी पूर्ण आदर...”

येथे अक्षरे संपली होती. तिन्ही शेरे असेच, आदरापाशी येऊन थबकलेले.

भाचीला बोलावणे गेले. ती धावत आली, पाहिले, आणि तिने कपाळावर हात मारला. “मामा, ही चौकट दोन ओळींची आहे! तुम्हाला लिहिताना सगळं दिसतं, पण पलीकडे पहिल्या दोनच ओळी जातात. एवढा मोठा मायना कोणी घालेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही हो!”

विभागात हशा उसळला. शिवणताई मात्र हसता हसता थांबल्या.

“एक सांगा मिस्त्री. पूर्वी कागदावरही असंच लिहायचात?”

“नेहमीच.”

“शिपाईबुवा पत्र वाटेतच वाचायचे हो. दारातूनच ओरडायचे, ‘पट्टा एक बोट वर!’ टोपली ठेवायची, पत्र फायलीत लावायचं, की निघाले. आम्ही कुणी ते कधी उघडलंच नाही.”

त्यांनी उठून कपाट उघडले. जाड फायलीतले मिळेल ते पान काढले, सप्रेम नमस्कार. दुसरे काढले, सर्व भगिनींस आदरपूर्वक. चौतीस वर्षे मजकूर पोचत होता आणि नमस्कार कपाटात साचत होते. या आठवड्यात प्रथमच नमस्कार पोचले, तर मजकूर राहिला.

“आणि आम्ही तुम्हाला ‘आठीमिस्त्री’ म्हणायचो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“ते मला ठाऊक होतं,” मिस्त्री म्हणाले, आणि ती प्रसिद्ध आठी पहिल्यानेच उलगडली.

शनिवारी टपालाच्या बाई पुन्हा अंगणातल्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. चारही खिडक्यांत पडदे उजळले होते. बाई एक फेरी चढत, मोजमापवाले तिथल्या तिथे आकडा लिहीत, तो त्याच क्षणी चारही ठिकाणी उमटे. शिवणताईंनी पट्टा खाली घेतला, तेव्हा वाटीच्या कडेवर नवा दाब आला. साचेवाल्यांनी तो पानावर वाचला आणि कोणी बोलावण्याआधीच कानस घेऊन अंगणात उतरले. मिस्त्रींनी टाच केसभर तासली आणि चौकटीत दोनच शब्द लिहिले: “टाच तासली.” लिहिताना त्यांना अंगावर सदरा नसल्यासारखे वाटले. ज्यासाठी एरवी टोपलीने आठवडाभर अंगण पालथे घातले असते, ते दुपारच्या जेवणाआधी सिद्ध झाले. बाई थैलीसह सात पायऱ्या चढल्या, उतरल्या, आणि कोणी सांगितले नसताना पुन्हा चढल्या.

“काचतंय?” खाली चौघांनी एकदम विचारले.

“छे!” बाई वरून म्हणाल्या. “पण खाली यायला सांगू नका इतक्यात. मला इथनं छान दिसतंय.”

सोमवारी सकाळी कोरणीविभागाच्या दारात त्याच बाई उभ्या होत्या. गणवेशात, खांद्यास थैली.

“सत्तर पायऱ्या चढून आले, काका. कुत्री पार चौकापर्यंत सोडायला आली. हे घ्या, तुमचं टपाल.”

लिफाफा जाड होता. आत पाच पाने, पट्ट्यांच्या विभागातील प्रत्येकीच्या हस्ताक्षरात. आरंभी सप्रेम नमस्कार, मध्ये सप्रेम नमस्कार, अखेरीसही तेच. मजकूर एका ओळीचाही नव्हता. तो आता तारेने जात होता.

मिस्त्रींनी पाचही पाने सावकाश वाचली, त्यांवर तळहात ठेवून क्षणभर डोळे मिटले, आणि पडद्यापुढे बसून एका बोटाने लिहिले: “पत्र पोचले. पाय उत्तम. सौजन्यमूर्ती ताई व विभागातील सर्व भगिनी यांस...”

पुढे ते बराच वेळ लिहीत राहिले. पलीकडे किती पोचेल, याची त्यांना आज चिंता नव्हती.