सोडलं ते काय सोडलं

कोंडीबा.
कोंडीबाचा बाप सटवा.
सटवाचा बाप देवबा.
देवबाच्या मागे नदी.

म्हणजे त्या मागचं सगळं नदीत गेलं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर साखऱ्याच्या बौद्धवाड्याने घरातले देव पाटीत भरले आणि डोहात सोडले. देवांबरोबर शेंदूर गेला, अंगारा गेला, कुळाच्या खुणा गेल्या. पाटी कोंडीबाने धरली होती. तो हे जयंतीला सांगतो आणि पाटी दरवर्षी थोडी जड होते.

*

आज कमलचा साखरपुडा होता.

कमल ही कोंडीबाची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, आजी जनकाबाईने तिला वाढवलं. डोंगरकड्याच्या शाळेतला जळबा मास्तर तिने हिंगोलीला जयंतीत गाणी म्हणताना पाहिला होता. त्याच्याशी एकदा बोललीही होती. तेवढं बोलणं तिला वर्षभर पुरलं. नंतर पुरेना, म्हणून तिनेच आजीकरवी बापाच्या कानावर घातलं.

आता जळबाचा बाप रामजी आणि आत्या पद्माबाई ओसरीवर बसले होते. त्रिशरण झालं. पंचशील झालं. हुंडा नाही, हे सगळ्यांनी मोठ्याने म्हणून झालं. फक्त साखरेचा पुडा उघडायचा राहिला.

पद्माबाईने पुड्याच्या दोऱ्याला हात घातला आणि विचारलं, "देवक काय तुमचं?"



*

(देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाचं झाड, कुणाचं पान, कुणाचं पीस. लग्नाआधी पुजायची. दोन्ही घरांची एकच निघाली तर मुलगामुलगी भाऊबहीण. मग पाहुणे उठतात. साखर तशीच राहते.)

*

"आमी बौद्ध हाओत, आक्का," कोंडीबा म्हणाला. "ते समदं सोडलं."

"आमीबी सोडलं. पर सोडलं ते काय सोडलं, तेवढं सांगा."

"मानत न्हाई तर इचारता काहून?"

"मानत न्हाई म्हनून तर आत्ता इचारून राहिले. मानत असते तर आदीच इचारलं असतं."

"मंग तुमचं सांगा आदी."

"मुलीवाले आदी सांगतेत."

"हे बी बौद्ध धम्मातलंच का?"

रामजी खाली बघत म्हणाला, "आक्का, ऱ्हाऊ दे ना."

"तू गप. भाऊबंदकीचं तुला काय कळते?"

पान आणतो म्हणून कोंडीबा आत गेला. पानाचा डबा बाहेरच होता.

*

आत.

"माय, आपलं देवक काय होतं?"

"काहून?"

"इचारून राहिले ते."

"इसरले मी," जनकाबाई म्हणाली.

"आठव जरा."

"तूच आठव. तुजंबी लगीन झालं की."

कोंडीबाला स्वतःच्या लग्नातलं काहीच आठवत नव्हतं. तो तेव्हा मामाच्या खांद्यावर झोपला होता.

"बाबासाहेबाला सबूद देला," जनकाबाई म्हणाली, "तवा ठरवून इसरले. लई तकलीफ झाली इसरायला. आता पुन्ना आठवू?"

"आजे," कमल म्हणाली. "माझ्यासाठी."

म्हातारीने नातीकडे पाहिलं.

"तुझ्यासाठीच इसरले, बाई."

*

घरामागच्या रानात मसाजी धनगराची मेंढरं खताला बसवलेली होती. कोंडीबा मागच्या दाराने तिकडे पळाला; कमल दारातून ऐकत राहिली.

"मसाजीदादा, एक देवक द्या."

"काय?"

"उसनं. बोलन्यापुरतं."

"पीठ मागावं, मीठ मागावं. कूळ कोन उसनं मागतं रे?"

"तुमचं धनगराचं. आमच्या पाव्हन्यायचं अन् तुमचं एक कसं निघंल? हमखास येगळं. पोरीचं लगीन हाय, दादा."

मसाजीने विचार केला. कोंडीबाला पाणी द्यायचं तर वरून ओतावं लागे. ताक द्यायचं तर भांडं त्याचं लागे. देवक द्यायला भांडंच लागत नव्हतं. त्यात विटाळ कुठून शिरणार, हे मसाजीला सापडेना. शिवाय मागच्या साली त्याची पोरकी झालेली कोकरं कमलनेच बाटलीने दूध पाजून जगवली होती.

"मोराचं पीस," तो हळूच म्हणाला.

आणि आपलं देवक परक्या घरात कसं दिसतं, ते बघायला कोंडीबाच्या अंगणाबाहेर लिंबाखाली येऊन उभा राहिला. मागोमाग त्याची बायको पंचफुलाबाई.

*

"मोराचं पीस," कोंडीबाने ओसरीवर येऊन सांगितलं. छाती काढून.

पद्माबाईने दोरा सोडून दिला.

"आमचंबी तेच," ती म्हणाली.

*

रामजी. त्याचा बाप. त्याचा आजा. त्यांच्या मागे मोर.
मसाजी. त्याचा बाप. त्याचा आजा. त्यांच्या मागे मोर.
कोंडीबा. त्याच्या मागे नदी, आणि आता नदीकाठी उगाचच एक मोर.

*

"ऊठ, रामजी. भावाबहिनीचं लगीन लावतेत का कुठं?"

रामजी उठत नव्हता. बसतही नव्हता.

कमल दारातून थेट ओसरीवर आली.

"आत्या, ते आमचं न्हाई. मसाजीबाबाचं हाय. आत्ता उसनं आनलं."

सगळ्यांनी लिंबाकडे पाहिलं.

लिंबाखाली मसाजीच्या डोक्यात दोन वाक्यं होती. व्हय म्हणावं तर या पाहुण्यांचं आणि आपलं देवक एक, आणि तेही भर वाड्यात, ऐकायला एवढी माणसं. न्हाई म्हणावं तर कमलचं लग्न मोडलं. कमल त्याच्याकडेच बघत होती, म्हणून त्याने मेंढरांकडे पाहिलं.

"आमचं न्हाई," तो म्हणाला. "आमचं रुईचं पान हाय."

"रुईचं?" पंचफुलाबाई म्हणाली. "मंग माझ्या लग्नात मोराचं पीस पुजलं, ते कोनाचं?"

"तू गप."

"गप काहून? तुमचं देवक खोटं तर माजं लगीनबी खोटं. लेकरं लग्नाला आली अन् आता सांगता व्हय?" ती अंगणात शिरली. इतक्या वर्षांत ती या अंगणात कधी आली नव्हती. "मोराचंच हाय, आक्का! यायच्या आज्यापंज्यापासून. घरी चला, पीस दाखवते."

*

पद्माबाई परत बसली. तिचा कायदा तिला पाठ होता आणि तो आता चालू लागला होता. थांबवणं तिच्याही हातात नव्हतं.

"देवक एक म्हंजे कूळ एक. रामजी, हा तुजा भाऊबंद."

रामजीने मसाजीकडे पाहून हात जोडले. "जय भीम, दादा."

मसाजी मेंढरं मोजू लागला. 

"अन् तुमचं काय मंग?" पद्माबाई कोंडीबाकडे वळली.

"आमाला न्हाईच, आक्का. असतं तर उसनं काहून आनलं असतं?"

पद्माबाईने पुडा पुन्हा मांडीवर घेतला. पाटीची गोष्ट तिने आल्यापासून दोनदा ऐकली होती आणि एकदाही खरी मानली नव्हती.

"बराबर हाय," ती म्हणाली. "घरात पीठ असल्यावर कोनी पीठ मागाया जात न्हाई. यायनं खरंच सोडलं." मग हलक्या आवाजात, भावाला, "आपल्यालाच ठावं ऱ्हायलं रे."

तिने दोरा तोडला.

*

साखर कमलच्या हातावर पडली. कोंडीबाच्या, रामजीच्या. आत जाऊन जनकाबाईच्या. मग पद्माबाई अंगण ओलांडून लिंबाखाली गेली.

"भाऊ, तोंड गोड करा."

वरून नाही. तळहातावर तळहात टेकवून दिली. मसाजीची मूठ आपोआप मिटली. पंचफुलाबाईने आपला वाटा खाल्ला, बोटं चाटली आणि नवऱ्याच्या मुठीकडे बघत उभी राहिली.

"लग्नाला यायचं. आमच्या बाजूनं, वऱ्हाडात."

"मेंढरं हायत," मसाजी म्हणाला. "त्यायले कोन पाहील?"

ओसरीवर कमलने डोक्यावर पदर घेतला. सासरचं माणूस होतं.

"मेंढरं घेऊनच या, मामंजी," ती म्हणाली.