आडवा कॉम्प्युटर

दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. शेजारपाजारचे सगळे आतल्या खोलीत दाटीवाटीने उभे होते आणि मधोमध, चांगल्या अभ्र्याच्या उशीवर, कॉम्प्युटरचा डबा आडवा झोपला होता. माणसांच्या, वस्तूंच्या लहरी ओळखतो म्हणणाऱ्या लहरीकाकांनी त्याच्यावरून हात फिरवला, डोळे मिटले आणि बटण दाबलं. पडदा उजळला.

"आला बाई शुद्धीवर," शेजारीण म्हणाली.

"यंत्रसुद्धा उभं राहून दमतं," काका डोळे न उघडताच म्हणाले. "त्यात तुम्ही जुनं कार्ड काढून नवं बसवलंत. जुन्याचा जीव आतच घुटमळतोय. अशात जड लहरींचं माणूस जवळ आलं, की हे रडतं."

रडतं म्हणजे पडदा काळाच राहायचा आणि डब्यातून नुसतं पीं-पीं ऐकू यायचं. पडद्यावर चित्र उमटवणारं नवं कार्ड सुनेच्या धाकट्या दिराने हौसेने बसवलं, तेव्हापासूनचं हे दुखणं.

जड लहरींचं माणूसही काकांनी हुडकून दिलं होतं. आत्या, म्हणजे सासऱ्यांची बहीण. काका डबा झोपवून गेले की तो चालायचा, आणि सकाळी आत्या खोलीत येऊन गेल्या की बंद पडायचा. हे सगळ्या घराने पाहिलं होतं. दिराने तर जरा जास्तच लक्ष देऊन पाहिलं होतं, कारण दोष लहरींचा ठरला की त्याची सुटका होत होती.

सून याच कॉम्प्युटरवर छपाईसाठी पुस्तकांची पानं लावायची. ती काम करी तेव्हा बाळ आत्यांच्या मांडीवर झोपे, दुसऱ्या कुणाच्या मांडीवर झोपतच नसे. आता आत्यांची बॅग भरून दाराशी उभी होती. उद्या त्या दूरच्या पुतणीकडे राहायला जाणार होत्या, कायमच्या.

"वन्संना कोण वाईट म्हणतंय?" सासूबाई पुटपुटल्या. "पण हिचं काम अडतंय ना."

सुनेने बाळाला थोपटत विचारलं, "आत्या, सकाळी खोलीत येऊन तुम्ही करता तरी काय?"

"काय करणार? केर काढते, फडकं मारते. ते डबडं आडवं लोळत असतं, ते उभं करून ठेवते. कुणाचा पाय लागला म्हणजे?"

थोपटणारा हात थांबला.

"काका, एक करून बघू?" सुनेने कॉम्प्युटर बंद केला. "आत्या, या, डब्याला अगदी टेकून बसा." तिने बटण दाबलं. पडदा उजळला.

"माझ्या स्पर्शाचा परिणाम आहे अजून," काका म्हणाले.

"असेल. आत्या, आता बाळाला घेऊन जरा जिन्यात जाता? आणि काका, डबा तुम्हीच उभा करा, तुमच्या हलक्या हातांनी."

"नको, आज त्याला विश्रांती..."

"मग मी करते." तिने डबा बंद करून उभा केला, बटण दाबलं. काळा पडदा आणि पीं-पीं.

"आता कुणाच्या लहरी?"

काकांनी दाराकडे पाहिलं. "जिना फार जवळ आहे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सुनेने वायर काढली आणि डब्याचं झाकण उघडलं. नवं कार्ड वजनाने खाली लोंबत होतं, एका टोकाला खाचेतून निम्मं बाहेर. स्क्रूचं भोक रिकामं.

"भाऊजी, स्क्रू?"

दिराने खोक्यातून न उघडलेली पुडी आणली. "मला वाटलं, जादाचा दिलाय."

डबा आडवा केला की कार्ड स्वतःच्याच वजनाने खाचेत दाबलं जायचं. उभा केला की लोंबायचं. काकांचं पूर्वी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, हे शेजारणीला तेव्हा कुठे आठवलं. वळून पाहते तो काका चपला शोधत होते.

"आत्या खोलीत यायच्या आणि डबा उभा राहायचा," सून स्क्रू पिळत म्हणाली. "दोन्ही रोज एकदमच व्हायचं. आपण मात्र त्यातलं माणूस तेवढं धरलं. एकेक वेगळं करून बघायला वेळ तरी कितीसा लागला? आधी तपासायचं हो. आपण आधी माणूस घालवायला निघालो."

सासूबाईंनी बॅग उचलली आणि कपाटावर टाकली.

उभा डबा निमूट सुरू झाला. आत्या बाळाला घेऊन दारातच थबकल्या होत्या.

"मी आत येऊ का ग?"

"या ना."

"आणि फडकं मारलं तर चालेल?"

"उशीवरूनही मारा," सून म्हणाली. "आज रात्री ती मला लागणार आहे."