उदारमतवाद्यांची प्रश्नपेटी

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नपेटी आहे. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात ‘प्रश्न’ एवढा एकच शब्द आहे. ‘उत्तर’ लिहायला रंग उरला नाही, असे त्या वेळी सांगण्यात आले. पंचवीस वर्षे झाली, रंग अजून आलेला नाही.

माझे गाव चिखलीहून मेहकरला जाताना लागते. नाव सांगत नाही. सांगितले तर आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष महादेवराव पेपरात खुलासा देतील, आणि त्यांचे खुलासे मी पुष्कळ ऐकले आहेत.

मला फकीर मोहम्मद मिस्त्रींनी घडवले. कोणाच्या तरी सागवानी दारातून उरलेल्या फळ्या त्यांनी रंधा मारून गुळगुळीत केल्या, वर चिठ्ठी टाकायला फट ठेवली, झाकणाला कडी बसवली. महादेवरावांनी कुलूपही मागितले.

“प्रश्नाच्या डब्याले कुलूप काऊन लावता भाऊ?” मिस्त्रींनी विचारले. “प्रश्न काय चोरीले जाते?”

“मिस्त्री, तुम्हाला नाही समजायचं,” महादेवराव म्हणाले. मलाही तेव्हा समजले नव्हते.

दर डिसेंबरात वाचनालयाची व्याख्यानमाला असते. पहिली काही वर्षे माझा थाट होता. शिपाई दयाराम मला ओल्या फडक्याने पुसून टेबलावर ठेवी. पाहुणे माझ्यावर हात ठेवून म्हणत, “ही पेटी म्हणजे लोकशाहीचं हृदय आहे.” मी फुगून जाई. लाकूड पावसाळ्यात फुगते तसेच, त्यात अकलेचा काही भाग नव्हता.

मला अक्षरे उशिरा आली. दुपारी वाचनालयाच्या सभागृहात प्रौढ बायांचा वर्ग भरू लागला. साठी ओलांडलेली जनकाबाई निंदण-खुरपण करून थेट वर्गाला येई, ओल्या मातीच्या बोटांनी पाटी धरी. ती ‘ग’ गिरवी, मी टेबलावरून बघत राही. दोन हिवाळ्यांत तिला वाचता येऊ लागले, मलाही. मग माझ्या पोटात काय काय पडते ते मला कळू लागले, आणि तेव्हापासून मला या भल्या माणसांची किळस येते.

पद्धत अशी आहे. व्याख्यान चालू असताना लोक चिठ्ठ्या टाकतात. चहाच्या वेळी महादेवराव मला ऑफिसात नेतात, कुलूप काढतात, चिठ्ठ्या वाचतात आणि बहुतेक सगळ्या खिशात घालतात. मग स्वतः लिहून आणलेल्या तीन माझ्यात टाकतात. ‘आजच्या तरुणांनी काय वाचावे?’ ही चिठ्ठी दर वर्षी असते. पंचवीस वर्षांत आजचे तरुण आजोबा झाले, चिठ्ठी तीच.

हेच महादेवराव कोणालाही नाही म्हणण्याआधी सांगतात, “मी उदारमतवादी माणूस आहे.” हे वाक्य ऐकले की गावातले शहाणे लोक अर्ज परत घेऊन निघून जातात.

उदारमतवाद म्हणजे काय, ते मी इतक्यांदा ऐकले आहे की झोपेतही सांगेन. एका पाहुण्यांनी सांगितले की माणूस आधी, सरकार नंतर. दुसऱ्याचे नुकसान होत नसेल तर कोणालाही अडवायचा हक्क कोणाला नाही. दुसरे म्हणाले, नुसते अडवले नाही म्हणजे माणूस मोकळा झाला असे नाही, त्याला शाळा पाहिजे, दवाखाना पाहिजे, तेव्हा कुठे तो मोकळा. तिसऱ्यांनी सांगितले की एकटा माणूस अशी काही वस्तूच नसते, तो त्याच्या गावाने आणि भाषेने घडवलेला असतो, उदारमतवाद्यांना हे कळत नाही. तिघेही विद्वान होते. तिघांचेही थोडे थोडे मला पटले. तिघांनाही शाल मिळाली, आणि तिघांपैकी एकानेही विचारले नाही की शेजारच्या खोलीतून मुली पाच वाजता का निघून जातात.

ती शेजारची खोली म्हणजे अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची मुले-मुली तिथे वाचत बसतात. मुलांना रात्री नऊपर्यंत बसता येते. मुलींनी पाच वाजता उठायचे. नियम महादेवरावांच्या समितीचा. कारण, मुलींची सुरक्षितता.

फकीर मोहम्मद मिस्त्रींची नात मलिहा तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. सकाळी ती चिखलीला कॉलेजात जाई आणि बसने साडेतीनला परत येई. घरी दोन खोल्या, त्यातल्या एकीत करवत आणि रंधा. म्हणजे तिच्या वाट्याला दिवसाचा दीड तास. ती टेबलावर पुस्तक उघडून नीट बसते तोच दयाराम दारात येऊन म्हणे, “चला पोरीहो, पाच वाजले.”

यंदाचा विषय होता ‘उदारमतवादाचे आधुनिक राजकीय विचारातील स्थान’. पाहुणे मोठ्या शहरातून आले होते. रविवारी दुपारी साडेतीनला कार्यक्रम सुरू झाला. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून महादेवरावांनी अभ्यासिकेतल्या मुलींना उठवून पुढच्या रांगांत बसवले. स्वातंत्र्य ऐकवण्यासाठी त्यांचा अभ्यास बंद केला. हे त्यांच्या लक्षात आले असेल असे मला वाटत नाही. अशा गोष्टी लक्षात येण्यासाठी जे लागते ते त्यांच्याकडे कधीच नव्हते.

चहा झाला. नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या खिशात गेल्या, तीन चिठ्ठ्या माझ्यात आल्या. महादेवरावांना या वेळी एक नवी कल्पना सुचली होती. पेपरचा फोटोग्राफर आला होता, तेव्हा नवसाक्षर बाईच्या हातून चिठ्ठी काढून तिलाच वाचायला लावायची. ते फोटोग्राफरला कुठून उभे राहायचे ते दाखवत असताना मलिहा उठली आणि दुमडलेला कागद माझ्या फटीतून आत सोडून जागेवर जाऊन बसली. तो सगळ्यांत वर पडला.

जनकाबाई आली. संधिवाताने तिची बोटे वाकत नाहीत, ती तळापर्यंत कशाला जातील? तिने वरचा कागद उचलला. महादेवराव कॅमेऱ्याकडे पाहून हसत होते.

“स्वा... तं... त्र्य,” जनकाबाईने सुरुवात केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. “जर... प्र... त्ये... का... चे... अ... से... ल...”

महादेवरावांचे हसू थोडे आखडले. हा प्रश्न त्यांचा नव्हता.

“तर... मु... लीं... ना...”

“द्या आजी, मी वाचतो. तुम्हाला त्रास होतोय.”

“काही तरास नाही भाऊ. तुम्हीच तं म्हनलं वाचा म्हनून. वाचून राह्यली ना मी.”

“वाचू द्या हो बुढीले!” मागून कोणीतरी ओरडले. “तुमच्या भाषनाले आम्ही थांबलो, तं हिले काय झालं?”

महादेवरावांना हसावे लागले. बाई एकेक अक्षर बोटाने चाचपत पुढे गेली. सभागृह तिच्याबरोबर अक्षरे जुळवत होते. “अ... भ्या... सि... के... तून... पाच... वाज... ता...”

तेवढ्यात दारातून दयाराम आत आला. घड्याळात पाच झाले होते, त्याने त्याचे काम केले.

“चला पोरीहो, पाच वाजले. उठा.”

आधी कोणालाच काही कळले नाही. मग मागच्या रांगेत हसू फुटले.

“दयाराम! आज नाही बे!” महादेवराव ओरडले.

“आज नाही तं कव्हा?” तो गोंधळला. “तुम्हीच तं म्हनलं, एक मिनिट बी वर नाही.”

“...का... उठ... व... तात?” जनकाबाईने वाक्य पुरे केले. तिने वर पाहिले नव्हते. “झालं. आता सांगा.”

पाहुणे उठले. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समाजाची जबाबदारी यांच्यातला समतोल हाच उदारमतवादापुढचा आजचा पेच आहे, असे ते दहा मिनिटे सांगत राहिले. एवढे शिकून माणूस इतका निरुपयोगी होऊ शकतो, हे पाहून मला खरेच आश्चर्य वाटले.

“साहेब, तुमचं समदं बरोबर असंन,” जनकाबाई म्हणाली. “मी एवढंच पुसते. पोरगी उद्या किती वाजेपर्यंत बसन?”

महादेवराव पुढे झाले. “मी उदारमतवादी माणूस आहे. पण बाहेरचं वातावरण तुम्ही जाणता. मुलींची काळजी आम्हालाच घ्यावी लागते.”

मलिहा उभी राहिली. “सर, पाच वाजता इथून काढल्यावर मी एसटी स्टँडच्या बाकावर बसून वाचते. तिथे लाइट असतो. सगळ्या बसेसची माणसं उतरतात, पान खातात, बघत उभी राहतात. तिथे माझी काळजी कोण घेतं?”

समितीचे पाचही सभासद पहिल्या रांगेत होते. पाचही जण आपापल्या चपलांकडे पाहू लागले.

“विषय समितीपुढे ठेवू,” महादेवराव म्हणाले, आणि त्यांनी राष्ट्रगीत सुरू करायला सांगितले. राष्ट्रगीताच्या आड लपणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला.

दुसऱ्या दिवशी पेपरात जनकाबाईचा फोटो आला. खाली लिहिले होते, ‘उदारमतवादावर चिंतन, श्रोत्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’. प्रश्नाचा एक शब्द नव्हता. पुढच्या वर्षीपासून प्रश्न मोबाईलवर घेणार, असे महादेवरावांनी जाहीर केले आणि मला अभ्यासिकेत कपाटाखाली ढकलून दिले. त्यांना वाटले, ही शिक्षा झाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. तुम्ही एवढेच करा: कोणी तुमच्यापुढे स्वातंत्र्यावर तासभर बोलला, तर त्याला त्याच्या दाराची वेळ विचारा. तो ‘समिती’ म्हणाला, की त्याची शाल कितीही महाग असो, त्याला मान देऊ नका. आणि त्याच्या परवानगीची वाट तर मुळीच पाहू नका.

समितीची बैठक झाली नाही, होणारही नाही. सोमवारी पाच वाजता दयाराम दारात येऊन म्हणाला, “चला पोरीहो, पाच वाजले.” मलिहाने पान उलटले. तिच्या शेजारच्या दोघी उठू लागल्या होत्या, त्याही पुन्हा बसल्या. दयाराम बाहेरची झाडलोट उरकून परत आला, तोवर अंधारू लागले होते. मग “दिसत तरी हाय का त्या अंधारात?” असे पुटपुटत त्याने मुलींच्या बाजूची ट्यूबलाइट लावली.