चढणीखाली थांबलेली गाडी

पुनावळ्याच्या अर्जुनरावांच्या दारात उभी असलेली ती पांढरी, आठ माणसांची जुनी गाडी म्हणजे मीच. मित्रांनो, माझा जन्म चाकणच्या बाजूला एका कारखान्यात झाला. पत्र्याला आकार आला, रंग चढला, आणि एके दिवशी हार घालून मला या घरी आणले. विमलबाईंनी माझ्या चाकांवर पाणी घातले, कुंकू लावले. त्यांचा धाकटा मुलगा गोरक्ष मात्र ओवाळून व्हायच्या आतच पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसला होता. ती जागा मग त्याचीच झाली.

ते दिवस चांगले होते. लग्न असो, जत्रा असो, शेजारच्या कुणाला दवाखान्यात न्यायचे असो, सगळ्यांना माझीच आठवण यायची. गोरक्षला तळेगावच्या एका कंपनीत नोकरी लागली. तेव्हा अर्जुनरावांनी मला घेऊन अख्ख्या गावात पेढे वाटले.

मग तो दिवस आला. गोरक्ष सुट्टीला मोटारसायकलवरून मावळातल्या एका वस्तीवर, मित्राकडे जेवायला गेला होता. परत येताना ओल्या उतारावर मोटारसायकल घसरली आणि तो ओढ्याच्या दगडांवर पडला. वस्तीवरून फोन आला. अर्जुनराव, विमलबाई आणि थोरला जयदीप माझ्यात बसले, आणि मी जीव खाऊन धावले.

डांबरी रस्ता संपला तिथे उभी चढण होती. दगड आणि चिखल. अर्जुनरावांनी मला त्यात घातले. माझी चाके जागच्या जागी गरगर फिरली. मागे घेतले, पुन्हा घातले. इंजिन ओरडत होते, पण मी चढले नाही. अशा वाटेसाठी मी घडलेलीच नव्हते. जयदीप पायी वर पळाला. बऱ्याच वेळाने माणसे घोंगडीच्या झोळीत गोरक्षला घेऊन खाली आली. त्याचा श्वास वाटेतच थांबला होता. मी त्याला घरी आणले. त्या वेळी तो मागच्या सीटवर होता, आडवा.

त्यानंतर घरात त्याचे नाव कुणी काढले नाही. विमलबाई मागे बसू लागल्या, पुढची डावी सीट रिकामी राहू लागली. मित्रांनो, त्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. कुणी बसले आणि पट्टा लावला नाही की मी टुंग टुंग वाजते. तो घंटीचा आवाज आता रिकाम्या सीटवर होऊ लागला. भुमकर चौकात, हायवेवर, कुठेही. अर्जुनरावांचे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे आणि मागे विमलबाई श्वास रोखून बसायच्या.

गॅरेजवाल्या ज्योतीरामने तपासले. "सेन्सर गेलाय काका. वायर काढून टाकतो, परत वाजायची न्हाई."

"काढू नका," विमलबाई मागून म्हणाल्या. "वाजू द्या."

आणि मी वाजत राहिले. खरे सांगते, कधी कधी मलाही तिथे वजन जाणवायचे.

वर्षे गेली. माझे इंजिन धूर टाकू लागले आणि घरात नव्या गाडीचा विषय निघाला. जयदीपची बायको पूनम म्हणाली, "आण्णा, सरकत्या दाराची मोठी फॅमिली गाडी घेऊ या. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना उंच चढता येत नाही." अर्जुनरावांनी मान डोलावली. जयदीपच्या मनात मात्र वेगळीच गाडी होती. उंच, चारही चाकांना जोर असलेली. घरी दारातच चार्ज करायची, गावात बॅटरीवर चालवायची आणि लांब जायचे झाले तर पेट्रोलवर.

"डोंगर चढायचेत का तुला?" अर्जुनरावांनी विचारले. "एकदा बघून तर येऊ," जयदीप म्हणाला.

वाकडच्या शोरूमबाहेर मी उभी होते आणि ती उंच गाडी माझ्या शेजारी. विमलबाईंना तिच्यात चढवायला दोघांनी हात दिला. आत बसल्यावर त्यांनी विक्रेत्याला विचारले, "ही कच्च्या चढणीवर जाती का? दगडाच्या, चिखलाच्या?"

"आरामात जाते, मावशी."

अर्जुनराव तिथल्या तिथे थबकले. "आपल्याला तिथं जायाचं न्हाई, विमल."

"तुमाला न्हाई जायाचं. मला जायचंय. माझं पोर कुठं पडलं हुतं, ती जागा मी आजून बघितली न्हाई."

जयदीपने मान खाली घातली. तेव्हा मला कळले की त्याला ती गाडी कशासाठी हवी होती.

पुढच्या रविवारी शोरूमने ती गाडी चालवून बघायला दिली. ती पुढे आणि मी मागे, असे आम्ही निघालो. अर्जुनराव माझ्यातच बसले. वर जाणार नाही, असे त्यांनी आधीच सांगितले होते. त्या चढणीखाली त्यांनी मला थांबवले. जयदीप आईला घेऊन वर निघाला. ती गाडी बॅटरीवर होती. दगडांवरून चाके सरकली, वळणाआड गेली आणि मग काहीच ऐकू येईना.

"आवाजच न्हाई," अर्जुनराव पुटपुटले. "गेली का थांबली, काय कळंना." शेजारची सीट रिकामीच होती आणि ती टुंग टुंग वाजू लागली. त्यांनी काच खाली केली, पण उतरले नाहीत.

ते दोघे परत आले तेव्हा विमलबाई तशाच चालत माझ्यापाशी आल्या. दार उघडून त्या पुढच्या डाव्या सीटवर बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"वर सरूबाई म्हनून एक म्हातारी हाय," त्या म्हणाल्या. "माणसं जमा होईस्तोवर गोरक्षचं डोस्कं तिच्या मांडीवर हुतं. तिनं पाणी पाजलं त्याला. अहो, तो एकटा नव्हता."

अर्जुनरावांनी वळून वर चढणीकडे पाहिले.

"खालून गाडीचा आवाज आला तवा तो तिला म्हनला, आमची गाडी हाय, आण्णा आलं. त्याला आपला आवाज कळला हुता."

"तवा त्यो जिता हुता?" अर्जुनरावांचा आवाज फाटला. "मी खाली चिखलात चाकं फिरवत हुतो, आणि त्यो वर ऐकत हुता?"

"व्हय."

त्यांनी कपाळ माझ्या स्टिअरिंगवर टेकले. माझा भोंगा दाबला गेला. डोंगरात तो लांबवर घुमला, आणि मला वाटले, आजही वर कुणीतरी कान देऊन ऐकत असेल.

मग दार उघडून ते उतरले. "जयदीप, मला वर ने." ते त्या उंच गाडीत बसून गेले. विमलबाई माझ्यात बसून राहिल्या आणि मुलाशी बोलावे तशा हळू आवाजात बोलत राहिल्या. काय बोलल्या ते मी सांगणार नाही.

घरी परतल्यावर अर्जुनराव पूनमला म्हणाले, "उंचवालीच घिऊ. तुझ्या सासूसाठी पायरी बसवून घे. त्या वस्तीला आजूनबी कंची गाडी जात न्हाई. सरूबाईला आपला नंबर दिलाय मी. रात म्हनू नकू, पाऊस म्हनू नकू, फोन कर म्हनलं."

या पावसाळ्यात तो फोन आला. वस्तीवरच्या एका बाळंतिणीला घेऊन आमची नवी उंच गाडी खाली आली. पुढे जयदीपशेजारी अर्जुनराव होते. आई आणि मूल दोघेही सुखरूप आहेत.

उद्या मला भंगारात न्यायला क्रेन येणार आहे. मला त्याचे दुःख नाही. पण त्या चढणीवर फिरणारी माझी चाके मला अजून ऐकू येतात.

मित्रांनो, तुमच्या घरी नवी गाडी घेताना जागा किती, बॅटरी किती चालते, हे जरूर बघा. गाडीला धुवा, पुसा, वेळच्या वेळी गॅरेजला न्या. पण गाडीत तुमच्या मागे कुणी गप्प बसले असेल, तर त्यांना एकदा विचारा, की तुम्हाला कुठे जायचे राहून गेले आहे. माझ्या घरात हे विचारायला फार वर्षे लागली.